ऑपरेटरचा सुपरवायझर झालात? पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर बहुतेकदा एकाच पद्धतीने तयार होतो. ज्याचा हात चांगला, रिजेक्शन कमी, सेटिंग (नव्या कामासाठी मशीन जुळवणं) पटकन लागतं, त्याला एक दिवस साहेब केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "उद्यापासून लाइन तू सांभाळ." शिकवत कुणी काही नाही. लाइनवरचा सर्वांत चांगला ऑपरेटर जातो, त्याच्या जागी एक बावरलेला सुपरवायझर उभा राहतो आणि कंपनीचं दोन्हीकडून नुकसान होतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, चार-सहा वर्षं मशीनवर काढलेली, आता हाताखाली आठ ते पंधरा जण. उदाहरणं सीएनसी टर्निंगच्या (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथच्या) लाइनवरची आहेत. असेंब्ली, प्रेस शॉप किंवा पॅकिंगमध्ये यंत्रं वेगळी असतील, अडचणी बऱ्याच अंशी याच.

आजवर तुमचं काम तुमच्या हातातून निघत होतं, यापुढे ते दुसऱ्यांच्या हातातून निघणार आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका बदलातून येते.

हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या

पहिली गोष्ट पगाराची. अनेक कंपन्यांत सुपरवायझर स्टाफमध्ये धरला जातो आणि त्याचा ओव्हरटाइम बंद होतो. गेल्या सहा महिन्यांत ओव्हरटाइम धरून हातात आलेल्या रकमेची सरासरी काढा आणि नव्या पगाराशी ताडून पाहा. पद वाढलं आणि घरी जाणारे पैसे घटले, हे तिसऱ्या महिन्यात कळलं की माणूस कामातून मनाने उठतो. आधी विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट अधिकारांची. एका कागदावर तीन रकाने आखा: "मी ठरवतो", "विचारून ठरवतो", "माझ्या हातात नाही". मशीन थांबवणं, संशयास्पद माल अडवून ठेवणं, माणूस एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणं, दोन तासांची सुट्टी देणं, ओव्हरटाइमला कोण थांबणार, स्टोअरमधून इन्सर्ट (टूलवर बसणारा, बदलता येणारा कापणारा तुकडा) किंवा कूलंट (कापताना थंडावा देणारं द्रव) काढणं, यातली प्रत्येक बाब साहेबांसमोर बसून कुठल्यातरी एका रकान्यात टाका. मशीन थांबवणं आणि माल अडवणं या दोन गोष्टी पहिल्या रकान्यात यायलाच हव्यात. त्या नसतील तर जबाबदारी तुमची आणि निर्णय दुसऱ्याचा, असली नोकरी पदरात पडते.

तिसरी गोष्ट घोषणेची. साहेबांनी स्वतः लाइनवर येऊन, तिन्ही शिफ्टच्या लोकांना सांगायला हवं की आजपासून लाइनची जबाबदारी यांच्याकडे. दोन मिनिटांचं काम आहे. ते झालं नाही तर पहिला महिना "तुला कुणी सांगितलं?" या प्रश्नाला उत्तरं देण्यात जातो.

पहिला आठवडा: बघा, विचारा, काही बदलू नका

नवा सुपरवायझर पहिल्याच सोमवारी रॅकची जागा बदलतो, नवा तक्ता लावतो, चहाची वेळ पाच मिनिटांनी सरकवतो. जुन्या पद्धतीमागचं कारण त्याला माहीत नसतं, आणि लोक ते मुद्दाम सांगत नाहीत. आठवडाभर हात आवरा.

अपवाद फक्त सुरक्षिततेचा, तिथे पहिल्या मिनिटापासून सवलत नाही. दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करून मशीन चालवणं, लेथवर किंवा ड्रिलवर हातमोजे घालून काम करणं, चिप (कापून निघालेला धातूचा कीस) हाताने ओढणं, एअरगनने अंगावरचे कपडे झटकणं: दिसलं की मशीन बंद करायला लावायचं, टार्गेट कितीही मागे असो. हातमोज्यांचं कारणही सांगा, कारण अनेकांना ते घातल्याने सुरक्षित वाटतं. फिरत्या जॉबमध्ये (कापायच्या नगात) किंवा चकमध्ये (नग पकडणाऱ्या जबड्यात) कापड अडकलं की हात आत ओढला जातो, सोडवायला वेळच मिळत नाही.

या आठवड्यात प्रत्येकाशी दहा-पंधरा मिनिटं एकेकट्याने बोला. केबिनमध्ये बोलावू नका, त्याच्या मशीनपाशी किंवा चहाच्या वेळी बोला. तीन प्रश्न पुरतात. या मशीनवर सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? कुठली गोष्ट वारंवार सांगूनही झालेली नाही? घरचं असं काही आहे का, ज्यामुळे ठरावीक शिफ्ट किंवा दिवस अवघड जातो? उत्तरं त्याच दिवशी वहीत लिहा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं म्हणजे सोनं असतं. तुटलेला पंखा, कूलंटची गळकी पाइप, एकच मायक्रोमीटर तीन मशीनमध्ये फिरणारा, अशी बारीक कामं त्यात निघतात. त्यातली दोन आठवड्याच्या आत करून दाखवा. भाषणाने जे होत नाही ते एका नव्या मायक्रोमीटरने होतं.

हाक मारण्याचा प्रश्नही याच आठवड्यात सुटतो किंवा कायमचा अडतो. कालपर्यंत तुमच्या खांद्यावर हात टाकून "काय रे" म्हणणारे मित्र आता तुमच्या हाताखाली आहेत. त्यांना एकाएकी "अहो" म्हणायला लावू नका. ते हसतील, आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. बाहेर अरे-तुरे चालू द्या. लाइनवर मात्र काम सांगताना सगळ्यांशी एकच रीत ठेवा, मित्राला सौम्य आणि इतरांना कडक असं नको. वयाने मोठ्यांना मामा, काका, दादा म्हणत आला असाल तर तेच ठेवा, त्याने अधिकार कमी होत नाही. "मामा, हे पाच जॉब पुन्हा मोजून द्या" या वाक्यात मानही आहे आणि कामही. अलीकडे लाइनवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलंही बरीच असतात. त्यांना हिंदीत सांगा, आणि महत्त्वाचं माप किंवा खूण कागदावर चित्र काढून मशीनवर लावा. मराठीत झालेली मिटिंग त्यांना कळली असं धरून चालणं हे अनेक रिजेक्शनचं मूळ असतं.

लाइनवर पंचवीस वर्षं काढलेला एखादा जुना माणूस असतोच, ज्याला हे पद मिळेल असं सगळ्यांना, आणि त्यालाही, वाटत होतं. त्याला टाळू नका. पहिल्याच दिवशी भेटा आणि त्याचं ज्ञान लागणारं एक ठोस काम त्याच्याकडे सोपवा: नव्या मुलांना सेटिंग शिकवणं, किंवा अवघड जॉबचा फर्स्ट पीस तपासणं. खोटी स्तुती नको, त्याला ती लगेच कळते.

कोणाला काय येतं, याचा तक्ता

दुसऱ्या आठवड्यात एक तक्ता बनवा. उभ्या रकान्यात माणसांची नावं, आडव्या ओळीत मशीन किंवा कामं. प्रत्येक चौकटीत ० ते ४ पैकी आकडा:

० – येत नाही
१ – शिकतोय, शेजारी कुणीतरी हवं
२ – एकटा चालवतो, सेटिंग जमत नाही
३ – सेटिंगसह पूर्ण काम येतं
४ – दुसऱ्याला शिकवू शकतो

आकडे स्वतःच्या मनाने भरू नका. त्या माणसाला काम करताना पाहा, मग त्याच्यासमोर भरा. आपल्याला ३ येतं असं म्हणणारे २ निघतात, आणि कधी गप्प बसणारा एखादा ४ निघतो.

आता तक्ता उभा वाचा. ज्या मशीनखाली ३ किंवा ४ असलेला एकच माणूस आहे, तिथे तुमची लाइन एका माणसाच्या तापावर अवलंबून आहे. प्रत्येक मशीनला सेटिंग येणारे किमान दोघं हवेत, तीन शिफ्ट चालत असतील तर चौघं. जिथे कमी पडतात तिथून शिकवण्याची यादी सुरू होते.

याला जोडून रजेचं कॅलेंडर करा. गणपतीला कोकणातली माणसं जाणार, छठला बिहारची, आषाढीला वारीतली, पेरणीला आणि काढणीला ज्यांच्या घरी शेती आहे ती, आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत निम्मी. यात अचानक असं काही नसतं, दर वर्षी तेच होतं. तरीही दर वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी लाइन बंद पडते, कारण विचारलेलं नसतं. दोन महिने आधी विचारा, कागदावर घ्या, आणि एकाच मशीनची दोन्ही सेटिंगवाली माणसं एकाच वेळी जाणार नाहीत हे त्यांच्याशीच बोलून ठरवा. आळीपाळी त्यांनी आपसात लावली तर ती पाळली जाते.

एक शिफ्ट कशी चालवायची

शिफ्टच्या १५ मिनिटं आधी पोहोचा. जाणाऱ्या सुपरवायझरला मशीनपाशी उभं करून हॅंडओव्हर घ्या, गेटवर किंवा फोनवर नाही. पाच गोष्टी रजिस्टरमध्ये लिहून घ्यायच्या: कुठल्या मशीनवर कुठला जॉब आणि ड्रॉइंगचं कुठलं रिव्हिजन, काय बंद आहे आणि मेंटेनन्सला कधी कळवलं, कुठल्या टूलचं आयुष्य संपत आलंय, किती माल अडवून ठेवलाय आणि का, आणि आज कोण येणार नाही. "सगळं ओके आहे" हा हॅंडओव्हर नाही. रात्री काय घडलं ते सकाळी अकराला क्वालिटीकडून कळतं, तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा याच वाक्यापासून झालेली असते.

शिफ्ट सुरू झाल्यावर उभ्या-उभ्या मिटिंग, सात-आठ मिनिटांची. क्रम असा: काल किती झालं आणि किती नाकारलं, आज किती हवं आणि कुठला जॉब आधी, सुरक्षिततेची एक गोष्ट, मग त्यांचं म्हणणं. शेवटची दोन मिनिटं तुम्ही गप्प राहा. सुरुवातीचे काही दिवस कुणी बोलणार नाही, चालेल. नाव घेऊन रागवायचं या मिटिंगमध्ये कधीच नाही. एकदा जरी केलंत तरी पुढे कुणी चूक सांगायला तोंड उघडणार नाही.

मिटिंग संपली की पहिला राउंड फर्स्ट पीसचा. प्रत्येक मशीनचा पहिला जॉब मोजून, सही होऊनच पुढचं उत्पादन. इथे घाई झाली की संपूर्ण लॉट जातो.

मग तासाचा बोर्ड. मशीनपाशी साधा पांढरा बोर्ड, चार रकाने: तास, ठरलेले नग, झालेले नग, कमी पडले तर कारण. ऑपरेटरने स्वतः भरायचा. तुम्ही तासातून एकदा समोरून जायचं आणि कारणाचा रकाना वाचायचा. तो वाचून काही हललं नाही तर तिसऱ्या दिवसापासून लोक तिथे नुसती रेघ ओढतात.

आकड्यांचं एक उदाहरण बघा. शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि दोन चहाची १०-१० वजा करून ४३० उरली. लोडिंग धरून सायकल अडीच मिनिटांची, म्हणजे काहीच अडलं नाही तर १७२ नग. प्रत्यक्षात १३२ झाले, त्यातले ४ रिजेक्ट. बोर्डावर ५५ मिनिटांचं थांबणं लिहिलंय: माल नव्हता २५, इन्सर्ट आणि सेटिंग २०, मेंटेनन्स १०.

४३० मधून ५५ गेली, मशीन ३७५ मिनिटं चालू होतं. उपलब्धता ८७ टक्के. ३७५ मिनिटांत १५० नग व्हायला हवे होते, झाले १३२. वेग ८८ टक्के. १३२ मधले १२८ चांगले. गुणवत्ता ९७ टक्के. तिघांचा गुणाकार सुमारे ७४ टक्के. यालाच ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता, म्हणतात.

आता पाहण्यासारखी गोष्ट मधल्या आकड्यात आहे. १५० आणि १३२ यांतल्या १८ नगांना बोर्डावर कुठलंच कारण नाही. १८ गुणिले अडीच म्हणजे ४५ मिनिटं. ही मिनिटं दोन-दोन मिनिटांनी गेली: चिप अडकली ती काढली, गेज शेजारच्या मशीनवर होता तो आणला, ट्रॉली भरली ती सरकवली. ऑपरेटरला विचारलं तर "मशीन चालूच होतं" म्हणेल आणि ते खोटं नसेल. इथे टार्गेटची ओरड करून उपयोग नाही. अर्धा तास मशीनपाशी उभं राहून प्रत्येक थांबण्याची खूण करा. एक जादा गेज किंवा ट्रॉलीची बदललेली जागा, उत्तर बहुधा इतकंच साधं निघतं.

शिफ्टच्या शेवटची २० मिनिटं साफसफाई, मोजणी आणि पुढच्या माणसासाठी. ही २० मिनिटं उत्पादनात ढकलली की त्या दिवशी आठ नग जास्त दिसतात आणि पुढच्या शिफ्टला सुरुवातीलाच अर्धा तास जातो.

शिकवणं: सर्वांत जास्त वेळ इथे द्या

"दाखवलं होतं ना तुला!" हे वाक्य शॉप फ्लोअरवर दिवसातून दहादा ऐकू येतं. दाखवणं आणि शिकवणं यांत फरक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि नव्या लोकांना झटपट तयार करावं लागलं. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात तिथे सुपरवायझरांसाठी एक प्रशिक्षण चालवलं गेलं. त्यातली काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत युद्धानंतर जपानमध्ये गेली, टोयोटाने ती उचलली, आणि आजही तिच्याइतकं साधं दुसरं काही नाही.

त्याआधी घरचा अभ्यास: शिकवायच्या कामाचं एक पान तयार करा, तीन रकान्यांचं. पायरी, त्यात सांभाळायची गोष्ट, आणि तिचं कारण. सीएनसी लेथवर बाहेरचा व्यास काढणाऱ्या टूलची इन्सर्ट बदलण्याचं पान असं होईल:

१. मशीन थांबवा, टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) सुरक्षित जागी न्या. सांभाळायचं: स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच दरवाजा उघडायचा.

२. स्क्रू सैल करून इन्सर्ट काढा. सांभाळायचं: स्क्रू फिरवायची चावी (की) स्क्रूमध्ये पूर्ण बसवायची. कारण: अर्धवट बसलेल्या कीने स्क्रूचं डोकं गोल होतं, मग होल्डरच काढावा लागतो.

३. बसण्याची जागा पुसा. सांभाळायचं: कोपऱ्यात नख किंवा कापड फिरवून चिप राहिली नाही हे पाहायचं. कारण: खाली बारीक चिप राहिली तर इन्सर्ट तिरकी बसते, माप हलतं आणि कड तुटते.

४. नवी कड पुढे करून स्क्रू आवळा. सांभाळायचं: इन्सर्ट बोटाने कोपऱ्याकडे दाबून धरायची.

५. वेअर ऑफसेट (कडेच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) तपासा. सांभाळायचं: जुन्या कडेसाठी दिलेलं करेक्शन काढायचं, आणि पहिल्या जॉबसाठी एक्समध्ये (व्यासाच्या दिशेत) अधिक ०.२ मिमी द्यायचं. कारण: कड झिजते तसा व्यास मोठा येतो म्हणून ऑपरेटर वजा करेक्शन देत गेलेला असतो. नवी कड लावल्यावर ते तसंच राहिलं तर व्यास लहान येतो आणि जॉब भंगारात जातो. मोठा आलेला जॉब पुन्हा कापता येतो, लहान आलेल्यावर इलाज नाही.

६. एक जॉब काढा, मोजा, ऑफसेट दुरुस्त करा, पुन्हा तोच जॉब कापून मोजा. मगच उत्पादन.

पाचवी पायरी लक्षात घ्या. जुन्या माणसाला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की शिकवताना तो ती बोलतच नाही, आणि नवा मुलगा नेमका तिथेच फसतो. कारणाचा रकाना असतो तो यासाठीच.

आता चार पायऱ्या. पहिली, तयारी: त्याला सैल करा, आधी काय येतं ते विचारा, आणि त्याला तुमच्या शेजारी उभं करा. समोर उभा राहिला तर सगळं उलटं दिसतं. दुसरी, सादरीकरण: काम तीनदा करून दाखवा. पहिल्यांदा फक्त पायऱ्या बोलत, दुसऱ्यांदा सांभाळायच्या गोष्टींसह, तिसऱ्यांदा कारणांसह. एकदम सगळं सांगितलं की डोक्यात काहीच राहत नाही. तिसरी, करून पाहणं: आधी त्याने गप्प राहून करायचं आणि चूक तिथल्या तिथे सुधारायची, मग प्रत्येक पायरी बोलत, मग कारणं सांगत. "समजलं का?" विचारू नका, उत्तर "हो" हेच येतं. त्याच्या तोंडून कारण आलं की समजलं. चौथी, पाठपुरावा: त्याला एकटं सोडा, अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव सांगा, आणि पहिल्या दिवशी दर तासाला, मग दिवसातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा बघा.

एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त शिकवू नका. काम लांबलचक असेल तर त्याचे तुकडे करा.

रिजेक्शन निघाल्यावरचे पहिले दहा मिनिटं

नवा सुपरवायझर "कुणी केलं?" इथून सुरुवात करतो. पहिला प्रश्न "कुठपासून?" हा हवा. मशीन थांबवा. शेवटचा चांगला जॉब शोधा: शेवटची मोजणी कितव्या नगाला झाली, तिथपासून आतापर्यंतचे सगळे नग वेगळे काढा आणि लाल डब्यात किंवा लाल टॅग लावून ठेवा. पुढच्या ऑपरेशनला गेले असतील तर तिथूनही परत आणा. गाडी भरली असेल तर थांबवा. हे सगळं झाल्यावर क्वालिटीला आणि साहेबांना कळवा, याच क्रमाने, दडवादडवी न करता.

मग कारण. "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" हे कारण रजिस्टरमध्ये लिहू नका, कारण त्यावर उपायच नसतो. लक्ष नव्हतं म्हणजे काय झालं? माप घेतलं नाही. का? मायक्रोमीटर दुसरीकडे होता. का? तीन मशीनना एकच आहे. इथे हात घालता येतो. अर्थात, प्रत्येक वेळी पाच "का" विचारायचेच असं नाही. दुसऱ्यालाच खरं कारण सापडलं तर थांबा.

स्वतःहून चूक सांगायला आलेल्या माणसाशी तुम्ही पहिल्या वेळी कसे वागता, हे पूर्ण लाइन बघत असते. त्याला "बरं केलंस सांगितलंस, चल आधी माल अडवू" म्हणा. रागावलात तर पुढचा खराब जॉब चांगल्या जॉबच्या ट्रॉलीत तळाला जाईल आणि तक्रार ग्राहकाकडून येईल.

शिस्तीचं बोलणं

आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आलेल्या माणसाला सगळ्यांसमोर झापणं सोपं आहे. तो मान खाली घालतो, चौथ्या दिवशी पुन्हा उशिरा येतो. त्याऐवजी आधी माहिती गोळा करा: हजेरीचे आकडे, आधीचा रेकॉर्ड, तो कुठून येतो, कंपनीची बस बदलली का. मग विचार करून ठरवा, मग कृती करा, आणि मग परिणाम झाला का ते पाहा. यातली शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

बोलणं एकट्याला बाजूला घेऊन, पाच-सात मिनिटांचं. "सोमवारी २०, बुधवारी १५ आणि आज २५ मिनिटं उशीर झाला. तेवढा वेळ रात्रीचा माणूस तुझ्यासाठी थांबतो. काय अडचण आहे?" एवढं बोलून थांबा. "तू नेहमीच असा करतोस" म्हणालात की वाद आकड्यांवरून स्वभावावर जातो आणि तिथे कुणीच जिंकत नाही. शेवटी काय ठरलं ते दोघांनी एका वाक्यात म्हणून घ्या, तारीख वहीत लिहा आणि त्या तारखेला नक्की विचारा.

मारामारी, दारू पिऊन येणं, चोरी, मशीनची मोडतोड अशा गोष्टींत तुमचं काम निकाल देणं नाही. माणसाला मशीनवरून बाजूला करा, एचआरला बोलवा आणि त्याच दिवशी लेखी अहवाल द्या: तारीख, वेळ, जागा, तुम्ही स्वतः काय पाहिलं, तिथे आणखी कोण होतं. ऐकीव माहिती वेगळी लिहा, मत लिहूच नका. पुढे चौकशी झाली तर हाच कागद वाचला जातो. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराबाबत तक्रार असेल तर ती ठेकेदाराच्या माणसामार्फत न्या; उद्यापासून येऊ नको असं परस्पर सांगू नका.

ओव्हरटाइम आणि समानता

आठवड्याला ४८ तासांपुढचं काम ओव्हरटाइममध्ये जातं आणि त्याचा दर दुप्पट असतो. दिवसाच्या तासांची आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा यांत सुधारणा होत असतात, चालू आकडे एचआरकडून लिहून घ्या. "आज थांब, पुढच्या गुरुवारी सुट्टी घे" असे तोंडी सौदे करू नका. अपघात झाला तर त्या वेळी तो माणूस कागदावर कारखान्यात नसतो, आणि मग सगळेच अडकतात. अप्रेंटिसना ओव्हरटाइमला बसवायचं नाही.

ओव्हरटाइम कुणाला मिळाला याची यादी बोर्डावर लावा, तारखेसह. ज्यांना पैशांची गरज आहे त्यांना तो हवा असतो, ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना नको असतो, आणि तुम्ही मित्रांनाच देता असा संशय सगळ्यांना असतो. यादी उघडी ठेवली की संशयाला जागा उरत नाही. रात्रपाळीच्या आळीपाळीलाही हेच.

साहेबांना नाही कसं म्हणायचं

महिनाअखेर, डिस्पॅचचा दबाव, आणि वरून फोन: "तपासणी नंतर बघू, माल पाठव." नुसतं "जमणार नाही" म्हणालात तर तुम्ही अडेल ठरता, "बघतो" म्हणालात तर खोटे. आकडे आणि पर्याय घेऊन जा: "आत्ता तपासलेले ३२० नग तयार आहेत, ते सहाच्या गाडीने जातील. उरलेले १८० तपासायला दोन माणसं दिलीत तर रात्री नऊपर्यंत होतील. न तपासता पाठवायचे असतील तर क्वालिटीची लेखी मंजुरी लागेल." तिसऱ्या पर्यायावर सहसा फोन बंद होतो.

लाइनवर येऊन मात्र "वरून सांगितलंय, मी काय करू" असं म्हणू नका. निर्णय पटला नसेल तर केबिनमध्ये भांडा. एकदा ठरलं की तो तुमचा म्हणून सांगा, कारणासकट. आणि लोकांच्या अडचणीचं उत्तर वरून "नाही" आलं, तरी ते परत येऊन सांगा. माणसं नकार पचवतात, न आलेलं उत्तर पचवत नाहीत.

मशीनला हात लावण्याचा मोह

सेटिंग अडलंय, नवा मुलगा चाचपडतोय, तुम्हाला माहीत आहे की हे आपलं दहा मिनिटांचं काम. इथेच बरेच चांगले ऑपरेटर सुपरवायझर म्हणून फसतात. तुम्ही मशीनवर वाकलात की बाकीच्या सात मशीनकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि त्या मुलाला एवढंच कळतं की थोडा वेळ चाचपडलं की साहेब येऊन करून देतात.

नियम ठेवा: आधी विचारा "तू काय काय बघितलंस?", मग एक सूचना द्या, मग पंधरा मिनिटं दुसरीकडे जा. परत आल्यावरही अडलं असेल तर तक्त्यातल्या ४ आकड्याच्या माणसाला पाठवा. तुमचा हात फक्त दोन प्रसंगी: कुणाला इजा होण्याचा धोका असेल तेव्हा, किंवा ते काम येणारा दुसरा कुणीच हजर नसेल तेव्हा. दुसरा प्रसंग आला तर त्याच दिवशी तक्त्यात ते मशीन लाल करा आणि शिकवायच्या यादीत सर्वांत वर घ्या.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक चाचणी घ्या. साहेबांना सांगून एक शिफ्ट रजा टाका, आणि फोन घरच्यांकडे द्या. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी तपासा: फर्स्ट पीसच्या सह्या वेळेवर झाल्या का, तासाच्या बोर्डावर कारणं लिहिलेली आहेत का, आणि एखादी अडचण आली तेव्हा लोक तुमची वाट बघत थांबले की त्यांनी आपसात निर्णय घेतला. जिथे काम थांबलं, तिथून चौथ्या महिन्याची यादी करायला घ्या.